न झालेले तीन तास

तिचा धंदा दातांचा, पण ती डॉक्टर नव्हती. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचे साचे पाठवायचे आणि ती आपल्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये बसून त्यांवरून कवळ्या आणि कॅपा बनवायची. दिवसभर मेण, प्लॅस्टर, बारीक ब्रश आणि डोळ्यासमोर भिंग. केसभर जरी चुकलं तरी माणूस प्रत्येक घासाला आपल्याला शिव्या घालतो, हे तिला वीस वर्षांत पक्कं कळलं होतं. एक्केचाळिसाव्या वर्षी तिने विमान शिकायला घेतलं, तेव्हा नवरा म्हणाला, "बरं झालं. निदान लांबचं बघायची सवय तरी लागेल." नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. मुलगी नववीत होती आणि आई विमान उडवते हे सांगून वर्गात भाव खात होती.

शहराबाहेरच्या फ्लाइंग क्लबात एक धावपट्टी, एक पत्र्याची शेड आणि शिकण्यासाठी एकच विमान होतं. शिकवणारे गृहस्थ सदुसष्ट वर्षांचे. जन्मभर शेतांवर औषध फवारणारी विमानं चालवलेली. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. गुरुजी कोणाच्या सांगण्यावर काही सोडत नसत. टाकी भरली असं पेट्रोलवाल्याने शपथेवर सांगितलं तरी स्वतः स्टुलावर चढून टाकीत पट्टी बुडवून बघत, आणि मग तिलाही चढायला लावत. "दातवाले, तूही बघ. माझे डोळे म्हातारे झालेत." डोळे काही म्हातारे झाले नव्हते.

अडचण एकच होती. शेजारून नदी वाहायची आणि सकाळचं धुकं दहा-अकरापर्यंत हलायचं नाही. ते हललं की ढग खाली यायचे. ती रविवारी सकाळी सातला जाऊन शेडमध्ये बसायची, गुरुजींबरोबर चहा प्यायची आणि बाराला घरी यायची. दीड वर्षात तिचे एकवीस तास झाले. लायसन्सला पंचेचाळीस लागायचे. आणि तिने पास केलेल्या लेखी परीक्षा दोन वर्षंच धरल्या जात. त्यानंतर सगळे पेपर पुन्हा.

म्हणून तिने ठरवलं, उरलेले तास परदेशात करायचे. तसं बरेच जण करत. कोरड्या हवेच्या, वर्षभर निरभ्र आभाळाच्या देशात जायचं, महिनाभरात तास उरकायचे आणि शेवटचं एकट्याचं लांबचं उड्डाण आणि परीक्षा इथे येऊन द्यायची. कायद्यात ते बसत होतं. तिथल्या शिक्षकाची लॉगबुकात सही असली की इथे तास धरले जात.

गुरुजींनी नाक मुरडलं नाही. ते म्हणाले, "जा. फक्त परत आलीस की तिथे काय केलंस आणि काय राहिलं, ते मला नीट सांग. राहिलेलं मी करून घेईन. मला ठाऊकच नसेल तर मी काय करून घेणार?"

"सांगेन की," ती म्हणाली.

*

तिथे खरोखरच ढग नव्हता. पहिल्या सकाळी होस्टेलच्या खिडकीतून तिने बाहेर पाहिलं तर जमीन तांबूस, सपाट, आणि वर आभाळ पुसून ठेवल्यासारखं. इतकं स्वच्छ की तिला जरा कसंतरीच वाटलं. पाहायला गेलं तर नजर कुठे अडतच नव्हती. शाळेत अकरा विमानं होती. भिंतीवर पांढरा फळा, त्यावर प्रत्येक विमानाचे दिवसभराचे तास रकान्यांत भरलेले. एक उतरलं की इंजिन गार व्हायच्या आत दुसरा विद्यार्थी चढायचा.

तिला शिकवायला आलेला शिक्षक चोवीस वर्षांचा होता. गोड पोरगा. नाव घेऊन कोणी त्याला हाक मारत नसे, कारण त्याच्या तोंडी दर वाक्याला "चला, चला" असायचं, म्हणजे त्याच्या भाषेत जे काही असेल ते. तिच्याबरोबर त्याच शिक्षकाकडे आणखी एक जण शिकत होता. तिच्याच देशातला, पण वरच्या डोंगराळ भागातल्या गावचा. त्याची तिथे बेकरी होती. त्याने पहिल्याच दिवशी शिक्षकाचं नाव 'चलाचला' ठेवलं आणि तिचं 'ताई'.

बेकरीवाला छत्तीसचा, अंगाने भक्कम, हाताच्या कोपरापर्यंत भट्टीचे जुने डाग. बायको आणि दोन मुलं गावी. त्याचेही निम्मे तास घरी झाले होते. "ताई, आमच्याकडे सकाळी विमान बाहेर काढायचं तर आधी डोंगराची परवानगी घ्यावी लागते," तो म्हणायचा. "डोंगर दिसला तर उडायचं, नाही दिसला तर पाव विकायचे." संध्याकाळी होस्टेलच्या स्वयंपाकघरात तो काहीतरी भाजायचा आणि दोघं नकाशे पसरून एकमेकांना प्रश्न विचारायचे. लहान मुलाला पुढच्या सीटवर बसवून आपलं गाव वरून दाखवायचं, एवढीच त्याची हौस होती. मोबाइलमध्ये मुलांचे फोटो होते. धाकट्याचा एक दात पडलेला होता, तो त्याने तिला मुद्दाम मोठा करून दाखवला.

तिसऱ्या आठवड्यात चलाचलाला एका मोठ्या कंपनीत नोकरी लागली. शुक्रवारी त्याचा शेवटचा दिवस. दोघांच्या लॉगबुकाच्या वह्यांत सगळं भरलं होतं, एक रकाना सोडून. त्यांच्या देशाच्या नियमात तीन तास झापड लावून उडायचे असतात. कपाळाला एक झापड बांधायची, म्हणजे बाहेरचं काही दिसत नाही, समोरचे काटे तेवढे दिसतात. चुकून ढगात शिरलात तर डोळ्यांवर आणि अंगाच्या भासावर न जाता काट्यांवर भरवसा ठेवून मागे कसं फिरायचं, याचा तो सराव.

शुक्रवारी दुपारी तिघं विमानाच्या पंखाखाली सावलीत बसले होते. बाहेर ऊन मी म्हणत होतं. चलाचलाने दोघांच्या वह्या मांडीवर घेतल्या.

"हे तीन तास राहिलेत," ती म्हणाली.

"तुम्ही दोघंही उत्तम उडवता," तो म्हणाला. "आणि इथे तुम्हाला ढग कुठून आणून देऊ?"

"पण झापड आहे ना ऑफिसात?"

"विमान नाहीये. फळा बघा. पुढच्या बुधवारपर्यंत सगळं भरलंय. आणि बुधवारी मी नाही. नवा शिक्षक आला की तो तुम्हाला पहिल्यापासून तपासणार. तुमचं परतीचं विमान तर मंगळवारचं आहे, नाही का?"

तो असं म्हणाला की जणू तीच त्याला अडचणीत टाकते आहे. बेकरीवाल्याने तिच्याकडे पाहिलं. तिने धावपट्टीकडे पाहिलं. चलाचलाने पेन काढलं. तीन वेगवेगळ्या तारखा घातल्या, प्रत्येकीपुढे एक तास लिहिला आणि सही केली. अक्षर सुंदर होतं त्याचं.

"घरी गेल्यावर करून घेऊ आपण," चालत परतताना बेकरीवाला म्हणाला.

"हो, करून घेऊ," ती म्हणाली.

*

घरी आल्यावर गुरुजींनी तिची वही चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचली. शेडबाहेर धुकं होतं. लेखी परीक्षांची मुदत संपायला सतरा दिवस उरले होते. परीक्षकाने वेळ दिली होती ती शुक्रवारची, बाराव्या दिवसाची. त्याआधी तिला लांबचं एकटीचं उड्डाण पुरं करायचं होतं.

त्या पानावर गुरुजींचं बोट थांबलं.

"झापडेचे तीन तास. तिथे केले?"

तिच्या मनात हिशेब एका क्षणात झाला. तीन तास म्हणजे इथल्या हवेत कमीत कमी महिना. महिना म्हणजे सगळे पेपर पुन्हा. पेपर पुन्हा म्हणजे आणखी एक वर्ष, आणि नवऱ्याने महिनाभर एकट्याने घर ओढलं होतं, डॉक्टरांची कामं तुंबली होती.

"केले," ती म्हणाली.

"नीट?"

"नीट."

गुरुजींनी वही मिटली. "सहीवर माझा कधी विश्वास नसतो," ते म्हणाले. "पण तू म्हणतेस तर झालं."

त्यांनी स्वतः तपासून पाहावं असं तिला त्या क्षणी फार वाटलं. विचारतील, अडवतील, निदान एकदा झापड आणा म्हणतील. पण त्यांनी किटली उचलली आणि तिच्या कपात चहा ओतला.

रविवारी सकाळी आभाळ उघडलं. गुरुजींनी हवामानाचा कागद दोनदा वाचला. दुपारनंतर पश्चिमेकडून ढग येण्याचा अंदाज होता, पण तोवर ती परतायला हवी होती. दोन गावांच्या धावपट्ट्यांवर उतरायचं, तिथल्या ऑफिसात कागदावर शिक्का घ्यायचा आणि घरी यायचं. "आभाळ खाली यायला लागलं तर परत फीर," गुरुजी म्हणाले. "परीक्षा गेली खड्ड्यात."

पहिलं गाव झालं. दुसऱ्याकडे जाताना वाटेत टेकड्यांची एक रांग लागते. तिच्यावर ढग बसलेला तिला लांबूनच दिसला, पण ढग आणि टेकडीच्या मध्ये एक उजळ फट होती आणि फटीतून पलीकडचं शेत दिसत होतं. ती फटीकडे निघाली. जवळ गेली तशी फट बारीक झाली. मग ती नव्हतीच.

एकाएकी सगळ्या काचा पांढऱ्या झाल्या.

ढगात शिरलं की काय करायचं हे तिने पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. अर्धं वळण घ्यायचं आणि आल्या वाटेने बाहेर पडायचं. तिने डावीकडे वळायला घेतलं. थोड्या वेळाने आपण सरळ झालो असं तिला वाटलं. अंगाला तर तसंच वाटत होतं, सीटवर अगदी ताठ, सरळ. मग वाऱ्याचा आवाज वाढला. आधी शीळ, मग घोंघाट. तिने काट्यांकडे पाहिलं तर वेगाचा काटा चढत होता आणि उंचीचा काटा उलटा फिरत होता, घड्याळ कोणी मागे करावं तसा. क्षितिजाची तबकडी एका बाजूला झुकली होती. ती चुकीची आहे, बिघडली आहे, असं तिला मनापासून वाटलं. तिने दांडी जोरात स्वतःकडे ओढली. अंग सीटमध्ये दाबलं गेलं, गाल खाली ओढले गेले आणि आवाज आणखी वाढला.

किती वेळ गेला ते तिला नंतरही सांगता आलं नाही. चौकशीत तिने वीस सेकंद म्हटलं.

ढगाच्या तळातून ती बाहेर पडली तेव्हा डावीकडच्या खिडकीत पाणी होतं. खाली नव्हे, खिडकीत. एका तलावाचं करडं पाणी, आणि काठावर धुणं वाळत घातलेली दोरी, दोरीवरचे कपडे एकेक ओळखू येतील इतकी जवळ. डोळ्यांना क्षितिज मिळालं तसे हात आपोआप चालले. तिने पंख सरळ केले, नाक वर घेतलं. तलावाच्या पलीकडच्या झाडांच्या शेंड्यांवरून ती गेली.

दुसऱ्या गावात उतरल्यावर ऑफिसातल्या कारकुनाने कागदावर शिक्का मारला. "ढग होते का?" त्याने मान वर न करता विचारलं.

"थोडे."

ती बाकावर दोन तास बसून राहिली. ढग निवळल्यावर टेकड्यांना लांबचा वळसा घालून ती घरी आली. गुरुजी शेडच्या दारात उभे होते.

"उशीर केलास."

"ढगांना वळसा घातला."

"शाब्बास," गुरुजी म्हणाले.

*

त्या आठवड्यात तिचा हात कामात बसेना. मेणाचा दात कोरताना ब्रश जागच्या जागी थांबायचा. एका खिडकीतलं पाणी तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. नवऱ्याला तिने फक्त एवढंच सांगितलं की उड्डाण झालं, शिक्के मिळाले.

सोमवारी दुपारी बेकरीवाल्याचा मेसेज आला. त्याची परीक्षा आदल्या आठवड्यातच झाली होती. पास. "परीक्षकाने झापड लावून पाचच मिनिटं सरळ नेलं ताई. निभावलं. येत्या शुक्रवारी मुलांना शाळेची सुट्टी आहे. अकराला निघून सगळ्यांना घेऊन खिंडीतून पलीकडच्या गावी जेवायला जाणार. तुझीही परीक्षा शुक्रवारीच ना? दोघांचाही दिवस चांगला आहे बघ."

ती मेसेज वाचत राहिली. खिंडीतून. सगळ्यांना घेऊन.

तिने लिहायला घेतलं, 'रविवारी मी ढगात शिरले होते.' मग ते खोडलं. हे लिहिलं तर तो विचारणार, मग तू गुरुजींना सांगितलंस का. आणि एकदा गुरुजींना सांगितलं की परीक्षा नाही. शिवाय त्याच्या वहीतलं ते पान खोटं म्हणजे तिच्याही वहीतलं खोटंच. चारच दिवसांचा प्रश्न आहे, तिने स्वतःला समजावलं. शुक्रवारी सकाळी नऊला माझी परीक्षा, तो निघणार अकराला. माझी संपली की तो निघायच्या आत फोन करू. तिने "अभिनंदन" लिहिलं आणि पाठवलं.

बुधवारी संध्याकाळी राहवेना म्हणून तिने फोन केला. मागे बेकरीतल्या पत्र्यांचा खडखडाट ऐकू येत होता.

"हवा कशी आहे तुमच्याकडे?"

"सकाळी डोंगराने तोंड लपवलेलं. दुपारी मोकळा. शुक्रवार चांगला सांगतायत."

"खिंडीतूनच जायला हवं का? मैदानाकडून जा ना."

"मैदानात काय बघायचं, ताई? बटाटे?" तो हसला. "तू का एवढी काळजीत? परीक्षेची धडकी भरलीय वाटतं."

"असेल," ती म्हणाली. तिच्या जिभेवर आलेलं तिने गिळलं. "मुलं खूश असतील."

"धाकटा आज दुपारीच टोपी घालून झोपला."

फोन ठेवल्यावर ती लॅबच्या मागच्या खोलीत जाऊन उभी राहिली. आता एकच दिवस, असं तिने मोजलं. मोजता मोजता तिला स्वतःची भीती वाटली.

*

शुक्रवारी सकाळी ती आठला क्लबात पोहोचली. धुकं नव्हतं. दीड वर्षात अशी सकाळ पाच-सहा वेळाच मिळाली असेल. परीक्षक येऊन बसले होते, बारीक मिशांचे, शांत गृहस्थ. निरोप होता की त्यांना दुपारी दुसरीकडे जायचं आहे, म्हणून परीक्षा जरा लवकर सुरू करू आणि ती साडेअकरापर्यंत चालेल.

साडेअकरा.

गुरुजींनी विमानाची किल्ली तिच्या हातावर ठेवली. "जा, बघून घे एकदा. टाकी मी बघितलीय, तूही बघ."

ती विमानाच्या मागे गेली आणि तिथे उभी राहून तिने फोन लावला. बऱ्याच वेळाने एका बाईने उचलला.

"ते बाहेर विमान तपासतायत. कोण बोलतंय?"

तिने सांगितलं.

"हां, दातांच्या ताई. नेहमी सांगतात तुमचं. आम्ही लवकरच निघतोय, दहालाच. मुलं ऐकेनात."

"वहिनी, ऐका. तुम्ही बसू नका. मुलांना बसवू नका." मग तिने सगळं एका दमात सांगितलं. पंखाखालची ती दुपार, तीन तारखा, रविवार, ढग. पलीकडे मुलांची बडबड ऐकू येत होती.

"मला त्यांनी सांगितलं की सगळं झालंय," बाई म्हणाली.

"झालेलं नाही. माझंही नाही."

फोन हातातून हातात गेला. बेकरीवाल्याचा आवाज आला. हसरा नव्हता.

"ताई, काय सांगितलंस तिला? ती मुलांना घेऊन गाडीकडे चाललीय."

"खरं ते सांगितलं. तू जाऊ नकोस. मी रविवारी मेले असते. झाडांच्या शेंड्यांवरून गेले मी."

"इथे आभाळ मोकळं आहे."

"माझ्याकडेही होतं. समोर फट दिसत होती."

मग तो म्हणाला, "मुलांसमोर तोंडघशी पाडलंस तू मला."

"रागाव माझ्यावर. पण जाऊ नकोस."

"बरं. मुलं राहू देत. मी एकटा खिंडीच्या तोंडापर्यंत जाऊन नुसतं बघून येतो. मोकळी असली तर मग बोलू. नसली तर तुझं खरं."

"अरे, बघायलाही नको—"

"ठेवतो."

तिने पुन्हा लावला. उचलला नाही. ती शेडकडे चालत आली. गुरुजी परीक्षकांशी काहीतरी हसत बोलत होते. तिने किल्ली टेबलावर ठेवली.

"गुरुजी, ते तीन तास झाले नव्हते."

गुरुजींना आधी कळलं नाही. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला, आणि ते खुर्ची चाचपत खाली बसले. तिने तिथेच, परीक्षकांसमोर, दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. परीक्षकांनी आपली फाइल मिटली. गुरुजींनी तिच्या खोटेपणाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "तो कुठल्या धावपट्टीवर आहे?" आणि टेबलावरचा फोन जवळ ओढला.

नंबर शोधण्यात पाच-सात मिनिटं गेली. पलीकडे फोन वाजत राहिला. कोणीतरी उचलल्यावर गुरुजी म्हणाले, "तुमच्याकडचा बेकरीवाला आहे ना, त्याला थांबवा." मग त्यांनी ऐकून घेतलं.

"कधी?" त्यांनी विचारलं. आणि मग, "रेडिओवर बोलवा त्याला. बोलवत राहा."

तिघंही शेडमध्येच बसून राहिले. परीक्षकांना दुपारी जायचं होतं, पण ते गेले नाहीत. अकरा वाजता गुरुजींनी पुन्हा फोन केला, बाराला पुन्हा. बाहेर इतकं लख्ख ऊन पडलं होतं की धावपट्टीकडे बघवत नव्हतं.

*

तो दुसऱ्या दिवशी सापडला, खिंडीच्या आतल्या उतारावर. वारा पालटला आणि पलीकडून ढग खिंडीत भरला, असं हवामानवाल्यांनी नंतर लिहिलं. त्याने वळण घ्यायला सुरुवात केली होती, असं विमान ज्या तऱ्हेने पडलं होतं त्यावरून चौकशीवाल्यांनी ठरवलं.

चौकशी चार महिने चालली. तिला दोनदा बोलावलं. तिने काही लपवलं नाही. पंखाखालची दुपार सांगितली, गुरुजींशी दोनदा खोटं बोलले तेही सांगितलं. परदेशातल्या शाळेने उत्तर पाठवलं की सही आहे, तारखा आहेत, त्यामुळे उड्डाणं झाली असली पाहिजेत. फळा रोज पुसला जात असे. चलाचला मोठ्या विमानात पुढे बसू लागला होता. त्याने वकिलामार्फत कळवलं की त्याला आठवत नाही. तिचे परदेशातले सगळे तास रद्द झाले. मधल्या काळात लेखी परीक्षांची मुदत संपून गेली होती, पण त्याचं तिला काही वाटलं नाही. गुरुजींनी क्लबातला राजीनामा दिला. कोणी मागितला नव्हता. ती त्यांच्या घरी गेली तेव्हा त्यांनी तिला चहा दिला, मुलीच्या अभ्यासाची चौकशी केली. दारापर्यंत पोहोचवायला आले आणि म्हणाले, "मी एकदा झापड लावून बघायला हवं होतं." तिने सांगायचा प्रयत्न केला की चूक त्यांची नव्हती. त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.

त्यानंतर एका दुपारी बेकरीवाल्याची बायको लॅबमध्ये आली. बसने सहा तासांचा प्रवास करून एकटीच आली होती. अंगाने किरकोळ, आवाज हळू. तिने बाईला स्टूल दिलं, पाणी दिलं. टेबलावर अनोळखी माणसांच्या तोंडांचे साचे ओळीने मांडलेले होते. बाईने ते पाहिले आणि नजर दुसरीकडे वळवली.

"चौकशीचा कागद मला मिळाला," ती म्हणाली. "सगळा वाचला. त्यात एक समजलं नाही, म्हणून आले."

"विचारा."

"तुम्ही ढगात शिरलात तो रविवार होता."

"हो."

"आम्हाला फोन केलात तो शुक्रवारी."

"हो."

"मधे काय होतं?"

तिच्याकडे चार दिवसांसाठी शंभर कारणं तयार होती. चार महिने तिने ती घासून-पुसून ठेवली होती. ती सगळी तिने बाजूला ठेवली.

"माझी परीक्षा होती," ती म्हणाली.

बाईने मान डोलावली, जणू एवढीच माहिती हवी होती. पेला टेबलाच्या कडेला ठेवला. पर्समधून रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही, नुसता हातात धरला.

"धाकटा पुढे बसणार होता," ती म्हणाली. "निघायच्या कितीतरी आधीच पट्टा बांधून बसला होता. तुमचा फोन आला म्हणून मी त्याला उतरवलं. तो अजून माझ्याशी भांडतो, मला का उतरवलंस म्हणून." "मी रोज ठरवते की तुमचे आभार मानायचे. आणि रोज ठरवते की तुमचं तोंड बघायचं नाही. आज म्हटलं, जाऊन बघू तरी."

बाई उठली. पाचची परतीची बस होती. तिने बस स्टँडपर्यंत सोडायला येऊ का असं विचारलं, तर बाई नको म्हणाली, रस्ता सरळ आहे.

संध्याकाळी नवरा लॅबवर आला तेव्हा ती अजून स्टुलासमोर उभी होती, अंगात ॲप्रन तसाच. त्याला तिने कागदावरचं सगळं सांगितलं होतं, पण सोमवारचा मेसेज आणि बुधवारचा फोन सांगितला नव्हता. ते आता सांगितलं. मग त्याने लॅबचे दिवे एकेक करून बंद केले आणि दोघं घरी गेली.